लेकीला वर्गात वजनावरून चिडवायलेत, डबा तसाच परत येतोय, काय करावं?

लातूरची_आई
नमस्कार. माझी लेक सहावीत आहे, लातूरलाच. लहानपणापासून अंगानं भरलेली, आमच्या घरात सगळेच तसे. आजवर काही त्रास नव्हता, पण जुलैमध्ये शाळेत उंची-वजन घेतलं तेव्हा सरांनी एकेकाला सगळ्या वर्गासमोर काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं सांगितला. हिचा 51 आला. मागून कुणीतरी म्हणलं, "सोयाबीनचा कट्टा आला रे!" सगळा वर्ग हसला, सर पण हसले म्हणे. तेव्हापासून तिचं नावच कट्टा, म्हणजे पोतं, पडलंय. ऑटोतले लेकरं बसायला जागा देत नाहीत, टायर फुटंल म्हणतात.

हे तिनं मला सांगितलंच नाही हो. डबा तसाच घरी यायचा, विचारलं की म्हणायची मैत्रिणीच्या डब्यातलं खाल्लं. धपाटं म्हणजे तिचा जीव की प्राण, ते पण वापस. परवा सकाळी घेरी येऊन पडली तेव्हा रडत रडत सगळं बाहेर आलं. खो-खो पण सोडलाय, पळताना हसतात म्हणून. तिचे बाबा म्हणतात लेकरं असंच करतात, लक्ष देऊ नको. सासूबाई म्हणतात तिचा भात बंद करा. मला काहीच कळंना, शाळा बदलावी का?

परभणीचे_गुरुजी
ताई, शाळा लगेच बदलू नका, तिला वाटंल चूक आपलीच होती. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. वजन मोठ्यानं सांगायचं कामच नसतं, आम्ही काटा बाजूच्या खोलीत ठेवतो, एकेक लेकरू आत येतं, आकडा मी स्वतः लिहितो. पहिले काही वर्षं मी पण वर्गातच घ्यायचो, त्याची आता लाज वाटते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 मध्ये मारण्यासोबत मानसिक त्रास द्यायला पण मनाई आहे, म्हणजे सरांचं हसणं ही छोटी गोष्ट नाही. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या.

नांदेड_अनू
मी पण तीच मुलगी होते. मला म्हैस म्हणायचे. शाळेतलं एक वेळ सहन झालं पण घरी मामा, आत्या, पाहुणे सगळे यायचे ते "अगं किती सुटलीस" म्हणतच यायचे, आणि ताटातली दुसरी भाकरी घेताना सगळे माझ्याकडं बघायचे. मी चोरून खायला शिकले, दिवसभर उपाशी आणि रात्री डब्यातले लाडू. वजन उलट वाढलं. म्हणून हात जोडून सांगते, भात बंद करू नका, निदान ह्या कारणानं तरी नको. आणि घेरी आली म्हणता तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन, थायरॉइड काय ते तेच सांगतील. मोठ्यांचा बीएमआयचा (उंचीच्या मानानं वजन किती ते मोजायचा) तक्ता लेकरांना लावू नका, त्यांचा वयानुसार वेगळा असतो, आणि ह्या वयात पाळी यायच्या आधी अंग भरतंच. डॉक्टरला म्हणा आकडा तिच्यासमोर बोलू नका. ती जास्तच गप्प राहायली तर टेलीमानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

हिंगोलीचा_बाप
माझा पोरगा चिडवणाऱ्यात होता. शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मी आधी भांडलोच, माझं लेकरू तसलं नाही म्हणून. घरी येऊन विचारलं तर म्हणला, "तुम्ही काकांना ढोल्या म्हणता की." मला बोलताच येईना. त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाच्या अंगावरून बोलणं बंद. त्यामुळं ताई, त्या पोरांच्या आईबापाला पण भेटा, पण भांडायला नको, शिक्षकांना मधी घेऊन.

लातूरची_आई
सगळ्यांचे लई आभार. तिच्या बाबांना वाचायला दिलं, ते काही बोलले नाहीत पण उद्या सोबत येतो म्हणाले. डॉक्टरचा नंबर बुधवारचा लागलाय. गुरुजी, अर्जात सरांचं नाव घालावं का? वर्षभर तिच्यावर राग काढतील अशी भीती वाटायलीय.

परभणीचे_गुरुजी
काय झालं, कोणत्या तारखेला, कुठल्या तासाला, तेवढं लिहा, नाव आपोआप कळतं. एक प्रत स्वतःकडं ठेवा आणि तिच्यावर शिक्का-सही घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. आणि पुढचं वजन बंद खोलीत घ्यावं ही मागणी सगळ्याच लेकरांसाठी करा, म्हणजे एकटी हीच डोळ्यावर येणार नाही.