रोजच्या फिरस्तीसाठी ३५ मिमी की ५० मिमी लेन्स? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्याकडे निकॉनचा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. पहाटे कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढताना भांड्यात चढत जाणारा फेस मला टिपायचा असतो. परंतु ५५ मिमीला प्रकाश आत येण्याचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नसल्याने (एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत न्यावा लागतो आणि फेसाचा पोत दाणेदारपणात हरवून जातो. एफ १.८ च्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्समधून जवळजवळ दहापट प्रकाश मिळेल, म्हणून तीच घेण्याचे ठरवले आहे.

१.५ च्या क्रॉपमुळे ३५ मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या सुमारे ५२ मिमीएवढी, तर ५० मिमीची ७५ मिमीएवढी दिसते. रंकाळ्यावर दुसरी शोभेल, पण महाद्वार रोडच्या गर्दीत मागे सरकायला जागाच नसते, त्यामुळे माझा कल ३५ कडे आहे. कॅमेऱ्यात फोकस मोटर नसल्याने एएफ-एस (स्वतःची फोकस मोटर असलेली) लेन्सच घ्यावी लागेल.

ज्यांनी दोन्ही वापरल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे: ३५ ने जवळून चेहरा टिपल्यास नाक मोठे दिसते का, आणि एफ १.८ वर डोळे पुरेसे सुस्पष्ट येतात का?