ईएन ८ स्टीलची टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) ओके, तरी हार्डनेस येत नाही. तातडीने मदत हवी

घासूनपुसून: मंडळी, टीसी ओके, लॅबचा स्पेक्ट्रो (कार्बन वगैरे घटकांचा) रिपोर्ट ओके. इंडक्शन हार्डनिंग (वरचा थर तापवून कडक करणं) होऊन आलं तर हार्डनेस ४०-४३. ड्रॉइंगला ५० ते ५५ एचआरसी (रॉकवेल हार्डनेस) आहे. सप्लायर म्हणतो हीट ट्रीटमेंटवाल्याला धरा, तो म्हणतो मटेरियल बोगस. मधल्या मध्ये माझं मरण. इनवर्डला (माल आत घेताना) आणखी काय तपासायचं असतं? उद्या गाडी लावायची आहे.

भोसरीकर: ओके म्हणजे किती? कार्बनचा आकडा लिहा की राव. ईएन ८ ला ०.३५ ते ०.४५ टक्के चालतो. ०.३६ आला तरी टीसी ओकेच, पण इंडक्शनला रडवतो. आम्ही पीओवरच (खरेदीच्या ऑर्डरवर) किमान ०.४० लिहितो.

घासूनपुसून: ०.४२ आहे.

ठिणगी: रिपोर्ट सोडा, बार ग्राइंडरला लावा. आमचे जुने फोरमन ठिणगीची फुलं बघून ग्रेड सांगायचे.

भोसरीकर: ०.३६ आणि ०.४२ ठिणगीवर वेगळे सांगणारा माणूस दाखवा, चहा माझ्याकडून.

चाकणचा_चाकरमानी: हातातली एक्सआरएफ गन (धातूतले घटक दाखवणारी) भाड्याने आणा, दोन मिनिटांत निकाल.

भोसरीकर: ती गन कार्बन दाखवतच नाही. स्टेनलेससाठी ठीक आहे.

ऑडिटप्रेमी: आयएस २५०० स्टँडर्डप्रमाणे सॅम्पलिंग लावा. इनवर्डचा एक्सेल फॉरमॅट आहे, व्यनि करू का? व्हेंडर रेटिंगचाही आहे.

मायक्रोमीटर: फॉरमॅट कोणी मागितलाय? धागाकर्ते, बार ब्लॅक (रोलिंगमधून आला तसाच) की ब्राइट (वरून गुळगुळीत केलेला)? साइज किती, फिनिश किती?

घासूनपुसून: ब्लॅकच, नेहमीचा. ३२ चा, फिनिश ३१.

मायक्रोमीटर: हे आधी सांगायचं ना! म्हणजे बाजूला जेमतेम अर्धा मिमी निघतोय. रोलिंगच्या भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो, डीकार्ब म्हणतात त्याला. तो थर जॉबवर तसाच राहिला असणार. स्पेक्ट्रो मारतात कापलेल्या तोंडावर, तिथे आतलाच ०.४२ दिसणार. एक रिजेक्ट जॉब घ्या, अर्धा मिमी ग्राइंड करा. कूलंट भरपूर सोडा, जॉब निळा पडला तर रीडिंग वाया. मग रॉकवेल घ्या. आकडा चढला तर डीकार्ब.

चाकणचा_चाकरमानी: गाडी चाकणला लावायचीय का? तळेगाव चौकातून जाणार असाल तर पहाटेच काढा.

ऑडिटप्रेमी: चौकाचं नावच काढू नका. परवा ऑडिटर तिथेच अडकला होता, आमचं भलं झालं.

घासूनपुसून: मायक्रोमीटर साहेब, एका जॉबवर ५३ आलं!! दुसऱ्यावर मात्र ४१ च.

मायक्रोमीटर: दुसरा कुठल्या हीटचा (भट्टीतून एका वेळी ओतलेल्या लॉटचा)?

घासूनपुसून: हीट नंबर बंडलच्या टॅगवर असतो. कटिंगवाल्यांनी टॅग फेकला. बारवर पंच नाही.

भोसरीकर: मग ती टीसी नेमकी कुठल्या बारची? स्पेक्ट्रोचा तुकडा कुठल्या बंडलमधून दिला होता?

घासूनपुसून: वरच्या बंडलमधून. दोन आली होती.

भोसरीकर: झालं. आधी गाडी थांबवा आणि ४१ वाला जॉब स्पेक्ट्रोला पाठवा. तोही ०.४२ निघाला तर हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जा, त्याआधी भांडू नका. आणि इथून पुढे कापायच्या आधी प्रत्येक बारच्या टोकाला हीटप्रमाणे रंग.

ठिणगी: लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत उरलेले तुकडे ग्राइंडरला लावा. एमएस (साधं, कमी कार्बनचं स्टील) मिसळलं असेल तर फुलं लगेच कमी दिसतात, ५३ वाला शेजारी धरून बघा. आणि भोसरीकर, चहा बिनसाखरेचा.