कास्पारोव्ह–टोपालोव्ह १९९९: बचाव उपलब्ध असलेला हल्ला सर्वश्रेष्ठ म्हणायचा का?

अडीचघरं (धागाकर्ता)

बुद्धिबळातला सर्वांत देखणा हल्ला कोणता, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. २० जानेवारी १९९९, नेदरलँड्समधलं वाइक आन झी, पांढऱ्या मोहऱ्या रशियाच्या गॅरी कास्पारोव्हकडे, काळ्या बल्गेरियाच्या व्हेसेलिन टोपालोव्हकडे. हल्ली मात्र या डावाचा विषय निघाला की कुणीतरी इंजिन (बुद्धिबळाचं विश्लेषण करणारा संगणक-प्रोग्राम) लावतं आणि सांगतं, ‘बलिदान चुकीचं होतं, काळ्याकडे बचाव होता, डाव उगाच डोक्यावर घेतलाय.’ हे मला अजिबात पटत नाही. म्हणून हा धागा.

आधी डाव थोडक्यात. (घरांची नावं: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या पट्ट्या पांढऱ्याकडून मोजून १ ते ८.) टोपालोव्हने पिर्क बचाव (काळ्याची एक सुरुवातीची मांडणी) घेतला, दोघांनीही वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला. २३ खेळ्या झाल्या तेव्हा काळा राजा ए७ वर होता, त्याच्यामागे ए८ वर कोंडलेला उंट, आणि पांढरा घोडा ए५ वर घुसलेला. २४व्या खेळीला कास्पारोव्हने हत्तीने डी४ वरचं प्यादं मारलं. त्या हत्तीवर सी५ च्या प्याद्याचा सरळ मारा होता. टोपालोव्हने हत्ती घेतला. लगेच दुसरा हत्ती ई७ वर, शह देत! तोही फुकट दिसतो, पण वजिराने तो घेतला तर पांढरा वजीर डी४ वर शह देतो आणि राजा बी८ ला गेला की वजीर बी६, घोडा सी६, वजीर ए७, मात.

म्हणून काळा राजा पुढे निघाला. बी६, तिथून ए५ वरचा घोडा खाऊन ए५, मग ए४, ए३, बी४, सी३, डी२ आणि शेवटी डी१. म्हणजे पांढऱ्याच्या वजिराचं मूळ घर! वाटेत एक घोडा आणि तीन प्यादी त्याने खाल्ली. भर पटावर वजीर असताना राजाला असं आठव्या पट्टीच्या अलीकडून पहिल्या पट्टीपर्यंत चालवत नेणं, आणि तेही टोपालोव्हसारख्या खेळाडूविरुद्ध, मी दुसऱ्या कुठल्या डावात पाहिलेलं नाही.

बचाव होता, मान्य. पण तो पटावर शोधायचा होता, घड्याळ चालू असताना. हल्ल्याची थोरवी त्याने प्रतिस्पर्ध्यापुढे किती कठीण प्रश्न टाकला यावरून ठरावी, असं माझं मत.

सातवीपट्टी

असहमत. डाव रोमहर्षक आहे, पण ‘सर्वश्रेष्ठ’ नाही.

२४व्या खेळीला टोपालोव्हने हत्ती न घेता नुसता राजा बी६ वर ठेवला असता तर? ए५ च्या घोड्यावर मारा, घोड्याला मागे बी३ ला जावं लागतं, मग काळा उंट डी५ वरचं प्यादं मारतो, वजिरांची अदलाबदल होते आणि काळ्याला कसलीही भीती उरत नाही. आणि ही अठरा खेळ्या खोल गेलेली भानगड नाही. एक राजाची खेळी. पुढचं सगळं अग्निनाट्य टोपालोव्हने हत्ती घेतला म्हणून घडलं.

आणखी एक. २८व्या खेळीला कास्पारोव्हने वजीर सी३ वर नेला. बी३ वर मात देण्याची धमकी होती, ती जबरदस्त आहेच. पण नंतरच्या विश्लेषणात दिसलं की तिथे हत्ती ए७ ला नेणं जास्त जोरकस होतं. म्हणजे बचाव करणारा चुकला आणि हल्ला करणाऱ्यानेही सर्वोत्तम खेळी केली नाही. अशा डावाला अत्युच्च स्थान देताना हात आखडायला हवा.

निर्दोष सौंदर्य हवं तर १९०७ मधला रोटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन बघा, लोड्झ शहरातला. काळ्याने, म्हणजे रुबिनस्टाइनने, वजीर एच४ वर मारात ठेवून सी३ वरचा घोडा हत्तीने खाल्ला. पांढऱ्याने वजीर घेतला, तर दुसरा हत्ती डी२ वर, थेट पांढऱ्या वजिराच्या तोंडात. आणि शेवटची खेळी: हत्ती एच३. रोटलेवीने तिथे डाव सोडला. इंजिन येऊन एक शतक उलटलेल्या त्या डावाला धक्का लावू शकलं नाही.

मीरा_कु

मी शाळेतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवते आणि दोन्ही डाव दाखवते. मुलं रुबिनस्टाइनच्या डावाला टाळ्या वाजवतात. कास्पारोव्हच्या डावात मात्र भांडतात! ‘राजा इकडे का नाही गेला’, ‘हत्ती का घेतला’. बी६ ची खेळी बऱ्याचदा त्यांच्यातलंच कुणीतरी सुचवतं, आणि मग ती का चालते हे शोधण्यात अख्खा तास जातो. डावात बचाव दडलेला असणं मला उणेपण वाटत नाही.

पण मला २४व्या खेळीपेक्षा ३६वी जास्त थोर वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. ३५व्या खेळीनंतरची स्थिती मांडून बघा. काळा राजा डी१ वर, काळा वजीर सी४ वर, दोन्ही काळे हत्ती आठव्या पट्टीवर. पांढऱ्याकडे वजीर बी२, हत्ती बी७, उंट एच३. हिशेब केला तर पांढऱ्याकडे एक उंट आणि समोर त्याबदल्यात हत्ती, म्हणजे पांढरा मागे आहे. दिलेल्या बलिदानांचा मोबदला अजून हातात आलेला नाही.

इथे कास्पारोव्ह उंट एच३ वरून एफ१ वर आणतो. मागे! हल्ला चढवत असताना मोहरा आपल्या मूळ घरी परत नेण्याची कल्पना सुचणंच अवघड. उंटाला कुणाचा आधार नाही, काळा वजीर तो सहज खाऊ शकतो. खाल्ला, तर वजीर सी२ वर शह, राजा ई१, हत्ती ई७ वर शह. मध्ये फक्त वजीर घालता येतो आणि तो घातला की ई२ वर मात. म्हणून टोपालोव्हने हत्ती डी२ वर आणून पांढऱ्या वजिरावर मारा केला. उत्तर: हत्ती डी७! तो हत्ती घ्यावा लागला, डी२ रिकामं झालं, उंटाने सी४ वरचा वजीर उचलला, आणि बी२ पासून एच८ पर्यंतचा लांब तिरका रस्ता मोकळा असल्यामुळे पांढऱ्या वजिराने त्या टोकाचा हत्तीही खाल्ला. एच३ वरचा उंट १९व्या खेळीपासून तिथे गुपचूप बसला होता, हेही विसरू नका.

ही ३६वी खेळी पूर्ण बरोबर आहे, इंजिनच्या मतेही. @सातवीपट्टी, हे अग्निनाट्य नव्हे.

सातवीपट्टी

@मीरा_कु, ३६व्या खेळीला माझा मनापासून सलाम. माझा आक्षेप त्या खेळीवर नाहीच. आक्षेप आहे तो संपूर्ण डावाला दिलेल्या क्रमांकावर. तिथवर पोचण्याचा रस्ता प्रतिस्पर्ध्याने उघडून दिला, हे तुम्हीही नाकारत नाही.

पुणेरी_वजीर

निर्दोष हल्लाच हवा तर घरचा का नको? आर्मेनियाचा आरोनियन विरुद्ध आनंद, २०१३, पुन्हा वाइक आन झी. काळ्या मोहऱ्यांनी आनंदचा २३ खेळ्यांत विजय.

१५व्या खेळीला आनंदने उंट सी५ वर ठेवला, प्याद्याच्या तोंडात. १६व्या खेळीला डी७ चा घोडा ई५ वर, पुन्हा प्याद्याच्या तोंडात. तो घेतला तर काळा वजीर डी४ वर शह देतो, राजा कोपऱ्यात एच१ ला, मग वजीर जी१ वर चक्क आत्माहुती देतो, हत्तीला तो घ्यावाच लागतो आणि जी४ चा घोडा एफ२ वर मात देतो. राजा आपल्याच मोहऱ्यांत कोंडून मरतो. दोन उंटांची समांतर रांग पाहून रुबिनस्टाइनच्याच डावाची आठवण होते. मला वाटतं दोघांतही आनंदचा डाव वरचा, कारण त्याच्यासमोर आरोनियन होता.

अडीचघरं

@पुणेरी_वजीर, आनंदचा तो डाव मलाही प्राणप्रिय आहे. पण ही कल्पना २०१२ मध्ये गेलफांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यासाठी तयार केलेली होती, हे आनंदनेच सांगितलं होतं. अभ्यासातून आलेला डाव कमी प्रतीचा, असं मी म्हणत नाही. पण कास्पारोव्हने डी४ वर हत्ती दिला तेव्हा ती स्थिती त्याने पटावर निर्माण केलेली होती. माझ्या लेखी तो फरक मोठा आहे.

पुणेरी_वजीर

तयारी ही खेळाचाच भाग आहे. आणि तयारीत मदत करणारं यंत्र आरोनियनकडेही होतं. योग्य दिवशी, योग्य माणसासमोर ती कल्पना बाहेर काढणं, पुढची प्रत्येक खेळी चोख करणं, हे आनंदने केलं. कास्पारोव्हसुद्धा आयुष्यभर तयारीच्या जोरावरच इतरांना चिरडत आला, हे कुणी का आठवत नाही?

शिवाय १९९९ च्या त्याच स्पर्धेत कास्पारोव्ह १३ पैकी १० गुणांनी पहिला आला आणि आनंद साडेनऊ गुणांनी दुसरा. अर्ध्या गुणाचा फरक. टोपालोव्ह बी६ ला गेला असता तर पहिलं स्थानही कदाचित एकट्या कास्पारोव्हचं राहिलं नसतं.

मीरा_कु

स्पर्धेचा तक्ता हा वेगळा विषय आहे, त्यावरून डावाची प्रत ठरत नाही.

@सातवीपट्टी, तुम्ही म्हणता बी६ ही एक साधी राजाची खेळी. पण पटावरून बघा. समोरच्याने हत्ती देऊ केला आहे, तुमचा राजा ए७ वर आधीच उघडा आहे, आणि तुम्ही फुकटचा हत्ती सोडून त्याच राजाला आणखी एक घर पुढे नेणार? हाताला ती खेळी सुचतच नाही. उद्याच्या वर्गात २४व्या खेळीची स्थिती मांडणार आहे, नाव न सांगता, आणि मुलांना काळ्याची खेळी लिहायला लावणार आहे. किती जण हत्ती घेतात ते इथे कळवते.

सातवीपट्टी

जरूर कळवा. आणि ज्यांनी बी६ लिहिलं त्यांना पुढे घोडा बी३ नंतर काय खेळणार तेही विचारा. त्यांनी हत्ती घेतला तर पांढरा वजीर डी४ वर शह देतो आणि राजा पुन्हा अडचणीत. उंटाने डी५ मारतो म्हणणारं मूल सापडलं तर त्याला माझ्याकडून शाबासकी द्या.