तासांवर वेतन असलेल्या कामगारांसाठी हजेरी आणि पगाराचे सॉफ्टवेअर कसे निवडावे?

लघुउद्योजक, भोसरी

सर्वांना नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचे वाहनांच्या सुट्या भागांचे युनिट आहे. प्रेस शॉप, वेल्डिंग आणि सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे) असे विभाग असून काम तीन पाळ्यांत चालते: सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात. कामगार ऐंशीच्या आसपास असतात. त्यांतले निम्मे आमच्या पटावरचे आणि उरलेले दोन ठेकेदारांचे. पटावरच्या लोकांचे वेतन महिन्याचे ठरलेले असले तरी त्यांचा ओव्हरटाइम आणि खाडे तासांवर मोजले जातात, आणि ठेकेदारांच्या कामगारांचे तर सगळेच तासांवर आहे.

सध्या दारावर बोटाचा ठसा घेणारे पंचिंग मशीन आहे. महिनाअखेरीस त्यातल्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवल्या जातात, टाइम ऑफिसमधले, म्हणजे हजेरी सांभाळणाऱ्या विभागातले, कर्मचारी सुपरवायझरच्या चिठ्ठ्या पाहून त्यांत दुरुस्त्या करतात आणि शेवटचे आकडे टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरले जातात. पगार ७ तारखेच्या आत द्यायचा असल्याने पहिला आठवडा याच कामात जातो आणि पगार झाल्यावर तास कमी का लागले, हे विचारायला कामगार येऊ लागतात. त्यांच्या बऱ्याचशा तक्रारी तपासल्यावर खऱ्या निघतात, म्हणून ही व्यवस्था बदलायचीच असे ठरवले आहे.

ग्रेटएचआर, केका, झोहो पेरोल आणि फ्रॅपे एचआर या सॉफ्टवेअरची माहिती काढली आहे. सादरीकरणात सगळेच चांगले दिसते. कारखान्यात ज्यांनी अशी व्यवस्था प्रत्यक्ष चालवली आहे त्यांनी कृपया सांगावे, की निवड नेमकी कशावरून करावी आणि नव्या कामगार संहितांच्या, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार कायद्यांच्या, दृष्टीने काय तपासून घ्यावे?

वेतन सल्लागार, नाशिक

आपण नावे काढलेली उत्पादने मुख्यतः महिन्याच्या पगारावरील कार्यालयीन नोकरवर्ग डोळ्यांसमोर ठेवून दाखवली जातात. रजेचा अर्ज, पगाराची पावती, प्राप्तिकराची घोषणा हे भाग सगळ्यांचे नीट चालतात आणि त्यावरून फरक कळत नाही. आपला प्रश्न पंचपासून, म्हणजे मशीनवरच्या हजेरीच्या नोंदीपासून, रुपयापर्यंतच्या वाटेचा आहे. म्हणून माझी सूचना अशी, की सुविधांची यादी बाजूला ठेवून आपल्या कारखान्यातला सर्वांत गुंतागुंतीचा महिना निवडावा, ज्यात सण आले, पाळ्या बदलल्या आणि ओव्हरटाइम भरपूर झाला असा. त्या महिन्याच्या पंचिंग मशीनमधल्या मूळ नोंदी, एकही दुरुस्ती न करता, प्रत्येक कंपनीला द्याव्यात आणि त्यावरून पगारपत्रक काढून दाखवायला सांगावे. आपल्याकडे त्या महिन्याचा तपासून झालेला हिशेब असेलच. जे सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळेल, आणि जिथे जुळणार नाही तिथे कारण दाखवू शकेल, तेच पुढच्या फेरीत ठेवावे.

या चाचणीत सर्वप्रथम तिसरी पाळी पाहावी. अकराला आलेला माणूस दुसऱ्या तारखेला सातला बाहेर पडतो. सॉफ्टवेअर मध्यरात्री तारीख बदलत असेल, तर एकाच पाळीचे एक तास आणि सात तास असे दोन तुकडे होतात आणि दोन्ही दिवस अपुरे दिसतात. पूर्वीच्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५७ पासूनच मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजायचे असतात, आणि अशा कामगाराची साप्ताहिक सुट्टी म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग २४ तास. त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्येही हीच तरतूद ठेवलेली आहे. भोसरीत आपली सुट्टी बहुधा गुरुवारी असेल. बुधवारी रात्री अकराला आलेला कामगार गुरुवारी सकाळी सातला सुटतो. ते सात तास बुधवारचेच, त्यांना सुट्टीतले काम म्हणता येत नाही. त्याची सुट्टी मात्र गुरुवारी सकाळी सात ते शुक्रवारी सकाळी सात अशी असते. गुरुवारी रात्री अकराला त्याला पुन्हा बोलावले, तर ते सुट्टीतले काम ठरते, जरी कॅलेंडरवर सुट्टीचा दिवस जवळजवळ उलटून गेलेला दिसत असला तरी. कित्येक ठिकाणी हे नेमके उलटे मोजले जाते, म्हणून हा एक प्रश्न विचारल्यावर समोरच्या माणसाला कारखाना किती कळतो हे लगेच लक्षात येते.

दुसरी गोष्ट ओव्हरटाइमचा दर. कायद्याने तो साध्या दराच्या दुप्पट आहे, पण साधा दर काढताना भागाकार कशाने केला यावर सगळे अवलंबून असते. समजा, एखाद्याचे मासिक वेतन १८,७२० रुपये आहे. २६ दिवस आणि ८ तासांनी भागले तर तासाचा दर ९० रुपये आणि ओव्हरटाइमचा १८० रुपये येतो. त्याच वेतनाला ३० ने भागणारी मांडणी सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून ठरवलेली असेल, तर तासाचे ७८ रुपये होतात आणि ओव्हरटाइमचे १५६. माणूस तोच, काम तेच, आणि प्रत्येक तासाला २४ रुपये कमी. किमान वेतनाचा दिवसाचा दर २६ ने भागूनच काढला जातो, तेव्हा आपलाही भाजक २६ च असावा आणि तो पडद्यावर स्पष्ट दिसावा.

तिसरी गोष्ट वेळ जवळच्या आकड्यावर आणण्याची. वरच्याच कामगाराने २ तास २५ मिनिटे जादा काम केले, तर त्याचे ४३५ रुपये होतात. सॉफ्टवेअर अर्ध्या तासाखालचा भाग सोडून देत असेल तर ३६० मिळतात. हे नियम पुरवठादाराने ठरवायचे नसतात, आपण ठरवायचे असतात, आणि माझ्या मते मिनिटांचा हिशेब मिनिटांनीच करावा.

टाइम ऑफिस, चाकण

वरील उत्तराशी सहमत आहे. रोजचे काम करणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

खरी कसोटी चुकलेल्या पंचची असते. माणूस आला आणि पंच करायला विसरला, वीज गेली, मशीनने ठसा घेतला नाही, किंवा तिसऱ्या पाळीचा माणूस पहिलीलाही थांबला आणि मध्ये बाहेर पडलाच नाही. डबल पाळीच्या नोंदीत आत आणि बाहेर यांत सोळा तासांचे अंतर पडते आणि काही सॉफ्टवेअर अशी नोंद चुकीची समजून बाजूला टाकतात. ती नोंद लपता कामा नये. इतका वेळ सलग काम करून घेणे मुळात नियमात बसत नाही, त्यामुळे ती व्यवस्थापकाला ठळकपणे दिसली पाहिजे; पण त्या कामगाराचे केलेले तास कोणत्याही परिस्थितीत गळू नयेत.

दुरुस्ती कोण करू शकतो आणि तिचा माग राहतो का, हे स्वतः करून पाहावे. मूळ पंच तसाच राहावा आणि त्याच्या शेजारी दुरुस्त केलेली वेळ, दुरुस्ती करणाऱ्याचे नाव, तारीख आणि कारण दिसावे. मूळ आकड्यावर नवा आकडा चढत असेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणे असले तरी घेऊ नये, कारण सहा महिन्यांनी वाद झाला तर दाखवायला आपल्याकडे काहीच उरत नाही.

मशीनबद्दलही एक सांगतो. वेल्डिंग आणि प्रेस शॉपमधल्या लोकांच्या बोटांवरच्या रेषा घासल्या जातात, तेल-ग्रीस असते, कातडी जाड होते. ठसा लागत नाही म्हणून पाळी सुरू होताना दारावर रांग लागते आणि वेळेत आलेला माणूस उशिरा आलेला दिसतो. चेहरा ओळखणारे किंवा कार्डाचे मशीन जोडीला ठेवावे. कोणत्या मशीनमधून नोंदी थेट सॉफ्टवेअरमध्ये येतात आणि इंटरनेट बंद पडल्यावर त्या मशीनमध्ये किती दिवस साठून राहतात, हे लेखी घ्यावे.

लघुउद्योजक, भोसरी

दोघांचेही मनापासून आभार. आमची सुट्टी गुरुवारचीच आहे आणि बुधवार रात्रीच्या पाळीचा घोळ आमच्याकडे नेहमी होतो, हे आता उलगडले. ठेकेदारांच्या कामगारांविषयी मात्र संभ्रम आहे. त्यांचा पगार ठेकेदार करतो, आम्ही फक्त त्याचे बिल देतो. मग त्यांच्यासाठी सॉफ्टवेअरचे दरमाणशी शुल्क आम्ही का भरावे, असा प्रश्न आमच्या हिशेब विभागाने विचारला आहे.

कामगार संघटनेचे काम पाहणारा, पिंपरी

शुल्काच्या प्रश्नाचे उत्तर सल्लागार देतीलच. मला कामगाराच्या बाजूचे सांगायचे आहे, कारण सॉफ्टवेअर निवडताना त्याला कोणीच विचारत नाही.

आपण लिहिले आहे की पगार झाल्यावर लोक येऊन विचारतात. त्यांना पगाराआधी विचारता यायला हवे. पाळी संपल्यावर आज आपले किती तास लागले, हे ज्याला त्याच दिवशी कळते तो त्याच आठवड्यात सुपरवायझरकडे जाऊ शकतो, कारण तेव्हा दोघांनाही काय घडले ते आठवत असते. महिनाअखेरीस कोणत्या दिवशी किती तास जादा थांबलो होतो, हे कोणालाही सांगता येत नाही, आणि मग कागदावर जे आहे तेच खरे धरले जाते. म्हणून रोजचे तास दाखवण्याची सोय आहे का आणि हरकत नोंदवण्यासाठी पगाराआधी ठरावीक मुदत ठेवता येते का, हे आवर्जून पाहावे. स्मार्टफोन सगळ्यांकडे असेलच असे नाही. टाइम ऑफिसबाहेर लावलेला पडदा किंवा साधा एसएमएससुद्धा पुरतो.

पगाराची पावती मराठीत आणि हिंदीतही निघावी. तिच्यावर साधे तास, ओव्हरटाइमचे तास, त्यांचा दर, उचल, भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि व्यवसाय कर हे वेगवेगळ्या ओळींत यावेत. ‘इतर कपात’ अशी एकच ओळ असलेली पावती मी अनेकांच्या हातात पाहिली आहे आणि तिच्यावरून काहीही तपासता येत नाही. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे ठसा किंवा चेहरा ही त्या माणसाची स्वतःची ओळख आहे. अशी माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. नोकरी सोडलेल्या कामगाराची ही माहिती कधी आणि कशी पुसली जाईल, ते करारात लिहून घ्यावे.

वेतन सल्लागार, नाशिक

ठेकेदारांच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे आपल्यावर, येते. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होते आणि नव्या संहितेतही आहे. आपण ठेकेदाराला बिल देताना तासांची खात्री कशावरून करणार? त्यांची हजेरी आपल्या दारावर, आपल्याच व्यवस्थेत लागली पाहिजे. पगार ठेकेदाराने करावा, पण तास आपल्या नोंदीतून जावेत. काही कंपन्या केवळ हजेरीपुरते कमी शुल्क लावतात. त्याची विचारणा करावी. शिवाय ठेकेदारांची माणसे सारखी बदलतात, तेव्हा शुल्क महिन्यातल्या एकूण नावांवर आहे की एका वेळी कामावर असलेल्या माणसांवर, याने वर्षाच्या खर्चात बराच फरक पडतो.

संहितांविषयी थोडक्यात सांगतो. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेल्या (घरभाडे, प्रवासभत्ता यांसारख्या) घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरचा भाग वेतनात धरावा लागतो. हा हिशेब सॉफ्टवेअरने आपोआप करायला हवा. कामगार नोकरी सोडून गेला किंवा त्याला काढले, तर त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे, म्हणजे महिन्याच्या मधोमध एका माणसाचा हिशेब काढण्याची सोय लागेल. भरपगारी रजेसाठी पूर्वी २४० दिवस भरावे लागत, आता १८० दिवसांची अट आहे. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैपासून, असा वर्षातून दोनदा बदलतो. नवा दर जाहीर व्हायला उशीर झाला, तर मागील फरक तासांसकट काढता आला पाहिजे. व्यवसाय कराची फेब्रुवारीतली ३०० रुपयांची कपात आणि २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना असलेली सूट या गोष्टी महाराष्ट्राबाहेरच्या कंपन्यांकडून विशेष तपासून घ्याव्यात.

आपल्या यादीबद्दल माझे मत विचाराल, तर झोहोमध्ये पगाराचे उत्पादन आणि हजेरीचे झोहो पीपल ही दोन वेगळी आहेत, तेव्हा दोन्हींचा खर्च धरून तुलना करावी. फ्रॅपे एचआर मुक्तस्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते आणि पाळ्यांचे नियम हवे तसे बदलून घेता येतात. पण त्यासाठी कायमचा जाणकार माणूस हवा, जो ऐंशी कामगारांच्या युनिटला परवडेलच असे नाही. ग्रेटएचआर आणि केका यांना मी सांगितलेली चाचणी द्यावी आणि निकालावरून ठरवावे. टॅलीप्राइम लगेच सोडण्याची गरज नाही. त्यात हजेरीचे एकूण दिवस किंवा तास भरून वेतन काढता येते, म्हणून नवीन हजेरी व्यवस्था आधी बसवून तपासलेले तास काही काळ टॅलीतच नेले तरी चालेल.

बदल कधी करावा, हेही महत्त्वाचे आहे. ईएसआयचे अंशदान (वर्गणी) कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत, आणि कालावधीच्या मध्ये एखाद्याचे वेतन २१,००० रुपयांच्या मर्यादेपुढे गेले तरी त्या कालावधीच्या अखेरपर्यंत त्याची कपात चालू ठेवावी लागते. मध्येच सॉफ्टवेअर बदलले, तर नव्या सॉफ्टवेअरला ही मागची स्थिती ठाऊक नसते आणि अशा कामगारांची कपात बंद होते. प्राप्तिकराचे वर्षही एप्रिललाच सुरू होते. तेव्हा १ एप्रिलपासून नवीन पगारपत्रक सुरू करावे, फेब्रुवारी आणि मार्चचे पगार दोन्ही पद्धतींनी काढावेत आणि प्रत्येक कामगाराचा फरक रुपयापर्यंत मिटल्यावरच जुनी एक्सेल बंद करावी.