टर्मिनलवरून चालवलं की $_गेट रिकामं

कागलकर७:
आमच्या दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांच्या हप्त्याला निघतं. पीएचपी स्क्रिप्ट मीच लिहिलीय, ब्राउझरमध्ये बिल.पीएचपी?केंद्र=३&हप्ता=२ टाकलं की मुकाट चालते. आता सेक्रेटरींना बिलं पहाटे चारला तयार हवीत. सकाळी दूध घालायला आलेला माणूस बिल घेऊनच परत गेला पाहिजे म्हणे. म्हणून टर्मिनलवर 'पीएचपी' लिहून पुढे तीच ओळ जशीच्या तशी टाकली. वर [१] ४३१२ असले काहीतरी आकडे आणि खाली 'कुड नॉट ओपन इनपुट फाइल'. प्रश्नचिन्ह आणि & काढून जागा सोडून लिहिलं तर चालली, पण छापलं एकच कोरं बिल. नाव नाही, लिटर ०.०, फॅट ०.०. पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे लिहिलेलं जिथं येतं त्या $_गेटमध्ये काहीच नाही. चुकतंय कुठं?

नाना_बॅकएंड:
प्रश्नचिन्हाचा अर्थ वेब सर्व्हरला कळतो, टर्मिनलवर सर्व्हर आहेच कुठे? पीएचपीने 'बिल.पीएचपी?केंद्र=३' याच नावाची फाइल शोधली. & शेलने (टर्मिनलवरच्या कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामने) खाल्ला: त्याच्या आधीचं काम बॅकग्राउंडला ढकललं (ते आकडे त्याचेच), आणि हप्ता=२ हे आपलंच व्हेरिएबल समजून ठेवून दिलं. म्हणून त्याबद्दल एररसुद्धा नाही.

जागा सोडून दिलेलं सगळं $आर्गव्ही या यादीत येतं. ० वर स्क्रिप्टचं नाव, १ पासून तुमचा माल. तो $_गेटमध्ये भरायला फाइलीच्या अगदी वर एवढं घाला:

इफ (पीएचपी_एसएपीआय === 'सीएलआय') पार्स_एसटीआर(इम्प्लोड('&', अ‍ॅरे_स्लाइस($आर्गव्ही, १)), $_गेट);

मग 'पीएचपी बिल.पीएचपी केंद्र=३ हप्ता=२'. खालच्या कोडला हात लावू नका. पार्स_एसटीआरचं दुसरं आर्ग्युमेंट पीएचपी ८ पासून सक्तीचं आहे, जुन्या ब्लॉगवरून उचललंत तर तिथंच अडकाल. आणि = च्या पुढे लिहिलेल्यात + असेल तर त्याची रिकामी जागा होते, फोन नंबर पाठवताना मी एकदा आपटलोय.

शॉर्टकट_सम्राट:
एवढा खटाटोप कशाला? पीएचपी-सीजीआयला (वेब सर्व्हरसाठीच्या पीएचपीला) केंद्र=३ दिलं की ते थेट $_गेटमध्ये भरतं. नाहीतर क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्राम) कर्लने (वेब पत्ता उघडणारी कमांड) यूआरएलच मारा.

नाना_बॅकएंड:
सीजीआय प्रत्येक मशीनवर नसतं. कर्ल चालेल, पण बिलाचं पान वेबवर उघडं ठेवावं लागतं, आणि तिथं मूळ सेटिंगला ३० सेकंदांची मर्यादा. कमांड लाइनवर मर्यादाच नाही.

कागलकर७:
नाना, चाललं! सगळ्या केंद्रांची बिलं एका दमात. पण क्रॉनमध्ये टाकल्यावर '../कनेक्शन.पीएचपी' सापडेना. हातानं चालवलं की सापडते.

नाना_बॅकएंड:
हातानं चालवताना तुम्ही त्या फोल्डरमध्ये उभे असता. क्रॉन होम फोल्डरमधून निघतो, आणि कमांड लाइनचं पीएचपी आपणहून स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जात नाही. __डीआयआर__ . '/../कनेक्शन.पीएचपी' असं लिहा, __डीआयआर__ म्हणजे स्क्रिप्टचा स्वतःचा फोल्डर. हप्ता कसा पाठवताय? क्रॉनच्या ओळीत डेट कमांड असेल तर प्रत्येक % च्या आधी \ लागतो, नाहीतर क्रॉन ओळ तिथंच तोडतो.

कागलकर७:
डेट नाही, १, ११ आणि २१ तारखेला तीन वेगळ्या ओळी, हप्ता हातानं लिहिलेला. महिना स्क्रिप्ट स्वतः आजच्या तारखेवरून घेते.

नाना_बॅकएंड:
१ तारखेला हप्ता ३, पण महिना मागचा. तो धरलाय ना?

कागलकर७:
नाही धरला. आज ३० आहे. जेवण राहू दे, बसतो.