गोवा ते पुणे हवाई अंतर नक्की किती?

फोंडेकर: मंडळी, पणजी-पुणे रोडने साडेचारशे किमीच्या आसपास पडतं, पण सरळ हवेतून किती? एका साईटवर 315 दाखवतंय, दुसरीवर 355, नक्की कुठलं धरायचं?

नकाशावेडा: दोन्ही बरोबर आहेत हो, गोव्यात विमानतळ दोन, एक अंतर मोपावरून आहे आणि एक दाबोळीवरून. गोवा आणि पुणे जवळपास एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे रेघ जवळजवळ सरळ उत्तरेला जाते, मग फक्त अक्षांशांचा फरक घ्या नि 111 ने गुणा (एका अंशाला साधारण 111 किमी), झालं. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) 18.58, दाबोळी 15.38, फरक 3.2, म्हणजे 355. मोपा उत्तर गोव्यात पेडण्यात, तेवढं वर, म्हणून चाळीसेक किमी कमी.

मडगांवची_सून: मग तिकिटावर तासाभराहून जास्त का लिहितात? एवढ्या अंतराला विमानाला अर्धा तास पुरायला हवा ना 🙄

नकाशावेडा: ताई, त्यात विमानाचं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणं, चढणं, उतरणं, रांगेत घिरट्या सगळं धरतात, शिवाय दाबोळी नेव्हीचं आणि लोहगाव एअरफोर्सचं, दोन्हीकडे आधी त्यांचं काम मग आपलं. सरळ रेघेत तर विमान जातच नाही, ठरलेल्या रूटने जातं.

फोंडेकर: ओके, म्हणजे मोपा जवळ.

मडगांवची_सून: पुण्याला जवळ हो, आम्हा सासष्टीवाल्यांना, म्हणजे मडगावकडच्यांना नाही! ते चाळीस किमी हवेत वाचवायला आम्ही जमिनीवर किती जास्त जायचं, वर टॅक्सीचं भाडं. आम्हाला आपलं दाबोळीच बरं.