राहिलेल्या जागा: चाळीस हजारच्या कथेत तुम्ही मनाने काय भरलंत?

पेडण्याहून

वॉरहॅमर चाळीस हजार, म्हणजे रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांची (मिनींची) टेबलावरची लढाई, खेळणारे आपण गोव्यात मोजकेच. रविवारी टेबल लागलं की फासे कमी पडतात आणि गप्पाच जास्त होतात. गेल्या रविवारी डाव अडला तो नियमावरून नव्हे, कथेवरून. कथेतल्या माणसांच्या साम्राज्याचा, सुवर्णसिंहासनावरचा सम्राट जिवंत म्हणायचा की मेलेला? दहा हजार वर्षं तो तिथे आहे, रोज हजार सायकर, म्हणजे मनोशक्ती असलेली माणसं, त्याच्यापायी खर्ची पडतात, आणि तरी त्याला आपलं काही ऐकू जातं का, हे पुस्तकं सरळ सांगत नाहीत. आम्ही चौघे होतो आणि उत्तरंही चार निघाली.

1987 साली नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने हा खेळ काढला. त्याची बरीचशी कथा त्या जगातल्याच कारकुनांच्या, सैनिकांच्या, पुजाऱ्यांच्या तोंडून येते. सांगणारा चुकतो, घाबरतो, वरिष्ठांना बरं वाटेल तसं लिहितो. त्यामुळे कथेत जागा राहतात. आमच्या पेडण्यात दशावतार बघत वाढलेल्याला हे नवं नाही. कथानक ठरलेलं असतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतो. भीम कोणाला मारणार ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण मारण्याआधी तो काय बोलेल ते त्या रात्रीपुरतं असतं.

तर लिहा. छापलेलं नाही, पण तुम्ही खरं मानता असं काय आहे, आणि ते तुमच्याकडे कुठून आलं? गुण आणि हारजीत इथे नको.

फोंड्याहून

सम्राटाने वीस प्रायमार्क, म्हणजे मुलांसारखे सेनापती, घडवले आणि त्यांच्या वीस लीजन, म्हणजे फौजा, उभ्या केल्या. त्यातल्या अठरा आपल्याला पाठ आहेत. दुसरी आणि अकरावी नोंदींतून पुसलेली. त्यांच्याबद्दल बोलायचीही मनाई. अल्ट्रामरीन्स या लीजनची संख्या एवढी मोठी कशी, यावरून त्या दोन लीजनचे उरलेले सैनिक तिथे मिसळले असावेत, असा तर्क खेळणारे लढवतातच. मला तो पटतो, पण मी त्याच्या पुढे जातो. माझ्या मते त्या सैनिकांना नाव विसरायला लावलं, सवयी मात्र राहिल्या. चिलखताचा पट्टा बांधायची वेगळी पद्धत, जेवणाआधी पुटपुटायचा एखादा शब्द. शेजारी बसलेल्या भावाला तो कळत नाही, आणि सांगणाऱ्यालाही आता अर्थ ठाऊक नाही.

हे कुठून आलं ते सांगतो. आम्ही मूळचे केळशीचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली, तेव्हा शांतादुर्गा जुवारी ओलांडून कवळ्याला आली. फोंडा तेव्हा आदिलशहाच्या ताब्यात होता. इतिहासात हे दोन ओळींत येतं. आजी ते सांगायची तेव्हा आवाज खाली आणायची. रात्र होती, होडी होती, वल्हं पाण्यात वाजू द्यायचं नव्हतं. चारशे वर्षांनंतर, स्वतःच्या ओसरीवर बसून, दार उघडं असताना ती कुजबुजायची. कोणापासून लपवत होती हे मी तिला कधी विचारलं नाही. ती कुजबुजही कथेचाच भाग होती हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या कपाटात वीस बेस, म्हणजे मिनी उभी करायच्या चकत्या, आहेत. अठरांवर मिनी आहेत. उरलेल्या दोन मी पूर्ण तयार करून ठेवल्यात: फेविकॉलवर चिऱ्याची माती, चहाच्या गाळणीने दोनदा गाळून उन्हात वाळवलेली, कडेला काळा रंग. वर कोणी नाही. भाची येते तेव्हा हमखास त्यांच्यापाशीच थांबते. तिला सांगताना माझाही आवाज खाली येतो.

मडगावहून

मी ऑर्क, म्हणजे खेळातले हिरवे भांडखोर परग्रही, खेळतो, थोडक्यात लिहितो. पूर्वीच्या कोडेक्समध्ये, म्हणजे फौजेच्या नियमपुस्तकात, लाल रंगवलेल्या गाडीला एक इंच जास्त चाल मिळायची, कारण लाल गाडी जास्त पळते असा ऑर्कांचा ठाम विश्वास. यावरून लोक सर्रास सांगतात की ऑर्कांची बंदूक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, निव्वळ विश्वासावर गोळी सुटते. मी असं मानत नाही. बंदूक चालणारीच असते, कोणीतरी खपून बनवलेली. विश्वास तिला थोडं पुढे ढकलतो, इतकंच. माझे वडील खासगी बस चालवायचे. पहाटे पहिल्या फेरीआधी समोरच्या काचेखाली झेंडूची माळ घालायचे, पण त्याआधी चारही टायरांवर लाथ मारून हवा बघायचे. ऑर्क मेकॅनिकही तसाच असणार, आधी टायर आणि मग माळ.

सांग्याहून

नेक्रॉनांची, म्हणजे थडग्यांत कोट्यवधी वर्षं निजलेल्या योद्ध्यांची, 2002ची कथा आठवते का? मुके, धातूचे, कोणासाठी तरी मारत सुटलेले. 2011च्या कोडेक्सने त्यांना घराणी दिली, राजे दिले, मानापमान दिले. बहुतेकांना नवी कथा आवडली. मी जुन्यालाच चिकटून होतो आणि वर्षभर दोन्ही कथा एकत्र बसवायची खटपट करत होतो.

तेवढ्यात पावसाळा आला. वीस योद्धे रंगवून झाले होते, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घाईने मॅट वार्निशचा स्प्रे मारला. बाहेर धो धो पाऊस, हवेत बोट फिरवलं तरी ओलं होईल अशी दमट. सकाळी बघतो तर सगळ्यांवर पांढरी साय. मी अक्षरशः रडकुंडीला आलो. दोन महिन्यांचं काम होतं ते. रंग काढून टाकायचा म्हणून एकेक उचलायला लागलो आणि हात थांबला. ते थडग्यातून नुकते उठल्यासारखे दिसत होते. सहा कोटी वर्षांची राख अंगावर, अजून झटकलेली नाही. तेव्हा मला दोन्ही कथा एकदम जुळल्या. राजांना नाव-गाव आठवतं, बोलता येतं. या साध्या शिपायांच्या वाट्याला फक्त राख आली. मुके तेच. राजांच्या गोष्टी छापून येतात म्हणून शिपाई बोलायला लागत नाहीत.

वीसही तसेच ठेवलेत. पण पावसाळ्यात स्प्रे मारू नका, वार्निश ब्रशनेच लावा.

हळदोण्याहून

सम्राट जिवंत की मेलेला, या वादात मला वाटतं आपण टेरावरच्या, म्हणजे पृथ्वीवरच्या, सिंहासनापाशी उभं राहून विचार करतो. मी इम्पीरियल गार्ड, म्हणजे सम्राटाची साध्या माणसांची फौज, खेळते, म्हणून मी एका लांबच्या ग्रहावर उभी राहून बघते. तिथल्या माणसाला सम्राट म्हणजे काय? दर काही वर्षांनी उतरणारं जहाज, द्यायचा वाटा, न्यायची पोरं, भिंतीवर एक चित्र.

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावपर्यंत, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत, शिकले. त्यांच्या वर्गात सालाझारची तसबीर होती. तो माणूस गोव्यात कधीच आला नाही. आजोबा सांगायचे, भीती त्याची नव्हती, रेजिदोरची, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्याची, होती. तो गावात राहायचा आणि कोणाच्या घरी कोण येतं ते त्याला ठाऊक असायचं. 19 डिसेंबर 1961ला राजवट गेली, पण तसबीर कोणी कधी उतरवली हे त्यांना आठवत नव्हतं. एके दिवशी भिंतीवर नुसता फिकट चौकोन होता.

म्हणून माझ्या पलटणीला सम्राट जिवंत असण्या-नसण्याने फरक पडत नाही. त्यांची श्रद्धा खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती सम्राटाकडे जाता जाता सार्जंटपाशी, शेजारच्या खंदकातल्या पोरापाशी थांबते. माझ्या चिमुकल्या कमांड टेबलावर नकाशा आहे आणि मागच्या भिंतीवर मी एक फिकट चौकोन रंगवलाय. विचारणाऱ्याला मी ही आजोबांची गोष्ट सांगते.

रायतूरजवळून

मी शाळेत मराठी शिकवते आणि घरी सिस्टर्स ऑफ बॅटल, म्हणजे खेळातल्या सम्राटभक्त लढवय्या जोगिणी, रंगवते. मला या सगळ्या कथेतली एकच गोष्ट वर्षानुवर्षं सोडत नाही: लॉरगारचं पुस्तक.

सम्राट सांगत होता, मी देव नाही. सतराव्या लीजनचा लॉरगार त्याला देव मानायचा, त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. सम्राटाने मोनार्किया हे त्याचं नगर अल्ट्रामरीन्सकडून जाळवलं आणि अख्ख्या लीजनला राखेत गुडघे टेकायला लावले. लॉरगार दुखावला, फिरला, पुढे फितूर झाला. ग्रंथ मात्र राहिला. साधी माणसं त्याच्या प्रती चोरून हातोहात फिरवत राहिली, आणि शेवटी त्याच्यावरच साम्राज्याचा धर्म उभा राहिला. माझ्या सिस्टर्स ज्याचा मंत्र म्हणत लढतात, त्याचा मूळ लेखक त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. बहुतेक जण म्हणतात, बिचाऱ्या फसल्या. मला हा निवाडा फार उथळ वाटतो.

मी जिथे राहते तिथून रायतूरची सेमिनरी जवळ आहे. तिथे 1616 साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, आणि लिहिलं मराठीत, ओवीत. त्याच्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या मी दरवर्षी वर्गात वाचते. सतराव्या शतकात त्या ग्रंथाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्या छापील प्रतींतली एकही आज हाती नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. कोणीतरी दिव्याखाली बसून हजारो ओव्या उतरवल्या. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. तो ग्रंथ मला भेटला तो या माणसांच्या हातून.

म्हणून माझ्या मनात सिस्टर्सना लॉरगार ठाऊकच आहे. निदान वयस्क सिस्टर्सना तरी. त्यांनी ठरवलंय की ग्रंथ त्याचा राहिलेला नाही. तो उतरवणाऱ्यांचा, लपवणाऱ्यांचा, त्यापायी मेलेल्यांचा आहे. माझ्या पलटणीत एक म्हातारी सिस्टर आहे, हातात शस्त्र नाही. अर्धा सेंटिमीटर कागदावर मी शून्य नंबरच्या ब्रशने रेघा ओढून तिला लिहिती केली आहे. शेवटची रेघ अर्धवट आहे. पापणी लवली तरी चुकेल इतकी ती जागा लहान होती.

पणजीहून

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. सगळ्याच जागा आपल्या मनाने भराव्यात असं मला वाटत नाही. काही खेळणारे कथेतल्या इन्क्विझिशनला, म्हणजे पाखंडी शोधून संपवणाऱ्या यंत्रणेला, शूर, कठोर पण योग्य असं रंगवतात. 2021 साली कंपनीनेच जाहीर लिहिलं की हे साम्राज्य आदर्श मानण्यासाठी नाही. ते लिहावं लागलं, याचंच मला वाईट वाटलं. आपल्याला गोव्यात तरी हे कोणी सांगायला नको. इथे 1560 ते 1812, मधली चार वर्षं सोडून, इन्क्विझिशन होतं. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलजवळ त्याचा वाडा होता. आज तिथे उभं राहिलात तर एक भिंतही दिसत नाही. कागदपत्रांचा बहुतेक भाग नष्ट केला गेला.

मी इन्क्विझिटर खेळतो, आणि तो मला वाईट वाटतो म्हणूनच खेळतो. त्याच्याभोवती एक सर्वो-स्कल तरंगते. ही कवटी कोणा निष्ठावान सेवकाची असते, मेल्यावरही कामाला जुंपलेली. माझ्या मनात ती एका कारकुनाची आहे. जिवंतपणी तो निकाल लिहायचा आणि रात्री प्रत्येकाची एक प्रत गुपचूप काढायचा. मालकाला हे ठाऊक नाही. कवटी अजून सगळं बघते आहे. डाव संपला की मेलेल्यांची यादी मी वहीत लिहितो, दोन्ही बाजूंची.

डिचोलीहून

ॲडेप्टस मेकॅनिकसबद्दल, म्हणजे साम्राज्यातल्या यंत्रपूजकांबद्दल, लिहितो. यंत्रात आत्मा असतो, त्याला धूप दाखवा, तेल चोळा, मंत्र म्हणा, मग इंजिन चालू होतं. सर्वसाधारण समजूत अशी की हे लोक शास्त्र विसरले आणि अंधश्रद्धा उरली. माझ्या मते ते देखभालीचा क्रम विसरू नये म्हणून मंत्र म्हणतात. वाचता न येणाऱ्या पोरालाही बावीस कामं त्याच क्रमाने करायला लावायची असतील तर त्यांचं गाणं करावं लागतं.

बाबा खनिजाच्या बार्जवर इंजिन बघायचे. आमोण्याहून माल भरून मांडवीतून मुरगाव बंदर. पावसाळ्यात मांडवीचं आग्वादजवळचं तोंड बंद झालं की कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत. लहानपणी एकदा मला नेलं होतं. इंजिन सुरू करायच्या आधी ते काय करायचे ते मला अजून तसंच्या तसं दिसतं. आधी तेलाची कांडी काढून फडक्याला पुसायची, परत घालून परत बघायची. मग पाण्याची पातळी. मग झाकणावर तळहात ठेवून क्षणभर गप्प. मग कपाळाला हात. त्यातलं तपासणं कुठे संपलं आणि नमस्कार कुठे सुरू झाला हे मला सांगता येणार नाही, आणि त्यांनाही आलं नसतं. दसऱ्याला इंजिनावर झेंडू, नारळ, आणि त्याच दिवशी फिल्टर बदलायचा. कधी चुकायचा नाही, कारण दसरा चुकत नाही.

2012च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. बार्ज किनाऱ्याला बांधून पडल्या. बाबांचा पगार थांबला, तरी आठवड्यातून एकदा ते स्कूटरवरून जायचे आणि इंजिन दहा मिनिटं चालवून यायचे. डिझेल कुठून आणायचे ते आईने विचारलं नाही. मी एकदा चिडून म्हणालो, आता कशाला? ते म्हणाले, "बंद दवरलें जाल्यार धरतलें," म्हणजे बंद ठेवलं तर जाम होईल. मी तेव्हा त्याचा अर्थ फक्त पिस्टनपुरता घेतला.

खेळाच्या कथेत असे टेक-प्रीस्ट, म्हणजे यंत्रांचे पुजारी, आहेत की जे शतकानुशतकं बंद पडलेल्या यंत्रापाशी रोज तोच विधी करतात. छापलेल्या पानावर ते भयाण वाटतं. मला तिथे स्कूटर दिसते.

माझा पहिला टेक-प्रीस्ट रंगवून झाला तेव्हा मी तो बाबांना दाखवला. झग्याचा लाल रंग मी आमच्याच दारातल्या खनिजाच्या भुकटीने मळवला होता. त्यांनी चष्मा लावून तो उजेडाकडे धरला, पाठीवरच्या नळ्या मोजल्या, एक नळी कुठेच जोडलेली नाही हे दाखवून दिलं. मग विचारलं, "हाच्या हातांत तेलाचो डबो खंय?"

त्या रात्री त्याच्या हातातली कुऱ्हाड कापली आणि पुट्टीचा एक डबा करून बसवला, चोचीसकट.